तवो वेगळो, हात तोच

मालू परबला दिगंबर सामंतांनी अकरा वर्षं जवळजवळ रोज पाहिलं, पण आपण तिला ओळखत होतो असं म्हणायचं तर त्यांची जीभ अडखळते. तिचा नवरा हयात होता की नव्हता, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. गळ्यात मंगळसूत्र होतं आणि नवऱ्याचा विषय नव्हता. कुडाळजवळच्या कुठल्या वाडीत तिचं घर होतं, ती कितवीपर्यंत शिकली, मनातून कशाला भ्यायची, यातलं काही त्यांनी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. त्यांना माहीत होतं ते इतकंच, की मालू उजव्या तळव्यावर मीठ घ्यायची, क्षणभर त्याच्याकडे बघायची आणि मग भांड्यात सोडायची. ते मीठ कधी कमी पडलं नाही, कधी जास्त झालं नाही.

एवढ्याशा माहितीवर एखाद्या माणसाची गोष्ट सांगू नये, असंच सामंतांचं मत. पण दुसरं कोणी ती सांगेल असं दिसत नाही.

सामंत बहारीनमधल्या अदलियात मुलाकडे राहतात. मुलगा गौरव बँकेत, सून कस्तुरी एका आर्किटेक्टच्या ऑफिसात. दोघं सकाळी गेली की फ्लॅटमध्ये सामंत आणि एसीचा आवाज. त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी मागच्या बंगल्याच्या अंगणावर उघडते. तो बंगला बिल्किस खानमचा. खानमचे आजोबा समुद्रापलीकडच्या इराणी किनाऱ्यावरून बहारीनला आलेले. त्याला शंभर वर्षं होत आली, तरी त्या घरात बोलणं फारसीत आणि जेवणही तिकडचंच. मालू त्या घरात स्वयंपाकीण होती. बंगल्याच्या मागच्या खोलीत राहायची आणि अंगणात कपडे वाळत घालताना सामंतांशी मालवणीत बोलायची. सामंतांचं बालपण परुळ्याचं. पन्नास वर्षांत कोणी त्यांच्याशी त्या बोलीत बोललं नव्हतं, म्हणून ते खिडकीत उभे राहू लागले. बोलायची ती, ऐकायचे ते.

तिच्या नोकरीचा पहिला दिवस तिने त्यांना पुष्कळदा सांगितला होता, दर वेळी तितक्याच तोऱ्यात. खानमने तिच्यापुढे बीफचा खिमा ठेवला आणि कबाब ताबेई करायला शिकवलं. ताबे म्हणजे आपला तवाच, जरा खोलगट. शेगडीवरचे कबाब सणासुदीचे. तव्यावरचे रोजच्या घरातले. कांदा किसायचा, फडक्यात बांधून पिळायचा, थेंब राहता कामा नये. मग खिमा, कांदा, हळद, मिरपूड, केशराचं पाणी, आणि मळणं. खूप मळणं. थंड तव्यात तो गोळा ओल्या हाताने सपाट थापायचा, उलथन्याने पट्ट्या पाडायच्या आणि मग खाली आच. मांस पाणी सोडतं, आकसतं, पट्ट्या आपोआप सुट्या होतात. त्या उलटल्या की कडेने टोमॅटोच्या जाड चकत्या, ढोबळी मिरची, दोन-चार हिरव्या मिरच्या. शेवटी वरून सुमाकची आंबट, लालसर जांभळी पूड. मालू तिला ‘त्यांचा कोकम’ म्हणायची.

त्या पहिल्या दिवशी खानमने मसाला लावलेल्या खिम्याची एवढीशी गोळी भाजून तिच्यापुढे धरली होती. “चखो.”

“मैं ये नहीं खाती,” मालू म्हणाली.

“नहीं खाती? तो नमक कैसे मालूम?”

“हमारे घर में भगवान का खाना बिना चखे बनता है. मेरी माँ ने सिखाया.”

खानम कमरेवर हात ठेवून हसली. “तो मैं भगवान?”

“नहीं,” मालू म्हणाली. “लेकिन नमक बराबर होगा.”

मीठ बरोबर झालं. मालू त्या घरात एकोणीस वर्षं राहिली.

सामंतांनी एकदा खिडकीतूनच तिला विचारलं होतं, हे जमतं कसं. ती म्हणाली, तिच्या माहेरी देवीच्या देवळात वर्षातून दोनदा तिच्या आईकडे नैवेद्याचं रांधण असायचं. आधी देवीला, मग माणसांना, म्हणून जिभेवर ठेवायचं नाही. आईने तिला सातव्या वर्षी हातावर मीठ घ्यायला शिकवलं, कानाने कढ ऐकायला शिकवलं. तव्यात पाणी असलं की बुडबुडतं, पाणी आटून चरबी उरली की चुरचुरतं. “डोळे, कान, नाक, हात. जीभ कित्याक व्हयी? जीभ खावक,” ती म्हणाली.

दर बुधवारी खानमकडे कबाब ताबेई असे आणि दर बुधवारी सामंतांसाठी एक झाकलेली वाटी येई. बटाट्याच्या पातळ चकत्या, वांगं, टोमॅटो, ढोबळी मिरची. पिळलेल्या कांद्याचं पाणी, मिरपूड आणि सुमाक घालून शिजवलेलं. कांद्याचं पाणी तिने कधी फेकलं नाही. पहिल्या वाटीच्या वेळी सामंत घुटमळले होते. विचारावं की नाही, कसं विचारावं. मालूने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, “काकानू, स्पष्ट विचारा. तवो वेगळो, हात तोच. चलता तर खावा, नायतर वाटी परत देवा.”

सामंतांनी वाटी ठेवून घेतली.

आता मंडळाबद्दल. बेचाळीस मराठी कुटुंबांचं ते एक लहानसं मंडळ. गणपतीला जुफैरमधला हॉल भाड्याने घ्यायचा, दीड दिवस आरत्या, गाणी, जेवणं. त्यातले तीनशे उकडीचे मोदक गेली सात वर्षं मालूच्या देखरेखीखाली होत. मंडळात इंजिनिअर होते, बँकवाले होते, त्यांच्या बायका शिकलेल्या. आणि त्या सगळ्यांमध्ये खिडकीजवळच्या जागेवर मांडी घालून मालू बसायची आणि त्या दिवसापुरती त्यांना हुकूम सोडायची. “ह्या फाटतला. मोडा आणि परत करा.” तिच्या एका मोदकाला एकवीस कळ्या असत. इतरांच्या नऊ, फार तर अकरा. वर्षातले तीनशे चौसष्ट दिवस ती कोणाकडे तरी कामाला होती. त्या एका दिवशी नव्हती. ती जागा तिला किती हवी होती, हे सामंतांना तेव्हा कळलं, जेव्हा ती जागा जायची वेळ आली.

झालं ते कस्तुरीमुळे, आणि कौतुकापोटी झालं. एका बुधवारी तिने खानमच्या स्वयंपाकघरात जाऊन मालूचा व्हिडिओ काढला. मालूचे हात खिमा मळतायत, थापतायत, टोमॅटो मांडतायत. मागून कस्तुरीचा आवाज, “मालूताई, हे कसलं?” आणि मालूचा, “बीफ. जरा चरबीचं लागतं, नायतर कोरडं पडतं.” कस्तुरीने तो मंडळाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘आमच्या मालूताई इराणी स्वयंपाकातही एक नंबर!’

अर्ध्या तासाने पहिलं उत्तर आलं. नुसतं प्रश्नचिन्ह. मग कोणीतरी लिहिलं, ‘याच हातचे मोदक आपण बाप्पाला दाखवतो का?’ मग बरेच मेसेज आले आणि बरेच पुसले गेले. कस्तुरी रडवेली झाली. व्हिडिओ काढून टाकला, पण तोवर ज्यांनी पाहायचा त्यांनी पाहिला होता.

चतुर्थीच्या दहा दिवस आधी मंडळाच्या चिटणीस पूर्णिमाताई आणखी तिघींना घेऊन गौरवच्या घरी आल्या. पूर्णिमाताई वाईट नव्हत्या. फोन त्यांनाच येत होते. मालूला बोलावणं गेलं. ती हात पुसत आली. हातांना कांद्याचा वास होता.

“मालूताई, गैरसमज करून घेऊ नका,” पूर्णिमाताई म्हणाल्या. “तुम्ही यायचंच आहे. फक्त यंदा मोदकांऐवजी पंगतीचं बघा. वाढप, पानं, ते सगळं.”

“का?”

सगळ्या चहाच्या कपात बघू लागल्या.

“का, ते सांगा की,” मालू म्हणाली. “चौघी आलात ते सांगायलाच ना?”

सामंत कोपऱ्यातल्या खुर्चीत होते. भर सभेत बोलण्याचा त्यांचा स्वभाव नाही, पण त्या दिवशी त्यांना वाटलं की आपण काहीतरी सावरावं. ते म्हणाले, “मालू, तू नुसती भाजी चिरतेस ना गं? ते... मांसाचं दुसरी बाई करते ना?”

मालूने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. ते पाहणं सामंतांना आजही आठवतं.

“दुसरी बाई नाय त्या घरात, काकानू. मीच आसंय. व्हिडिओत हात कोणाचे दिसले तुमका?” मग ती चौघींकडे वळली आणि जपून, पुस्तकी मराठीत बोलू लागली. “मीच शिजवते. एकोणीस वर्षं. चांगलं शिजवते. जिभेवर कधी ठेवलं नाही, पण ते सांगून मला सुटायचं नाही. खाल्लं असतं तर खाल्लं म्हणाले असते. न चाखता रांधायला मी नैवेद्यावर शिकले. त्याच शिकण्यावर त्या घरात पोट भरलं. आता तुम्ही म्हणता, हा हात नको.”

“अहो, पण देवाचं आणि ते तुम्ही कशाला एकत्र जोडता?” एक बाई म्हणाली.

“मी कुठं जोडलं? मी बुधवारी ते करत होते आणि चतुर्थीला हे. जोडलंत तुम्ही.”

पूर्णिमाताई समजुतीच्या सुरात म्हणाल्या, “हे बघा, एक महिनाभर तिकडे चिकन करते म्हणून सांगा. तेवढं आम्ही लोकांना सांगू. विषय संपेल.”

“सांगणार नाही.”

“अहो, खोटं नाही, खरंच करा चिकन!”

“ते पण करणार नाही. म्हातारीने माझं काय वाईट केलं, की तिच्या ताटातलं मी बदलू?” मालू उठली. “मोदकाला मी येणार. पंगतीला दुसरी बघा.”

ती गेल्यावर कोणीतरी म्हणालं, “केवढा हा ताठा!” आणि ठरलं ते ठरलं. यंदा मोदक इतर सहा जणी करतील.

खानमला सगळं कळलं होतं. अदलियात कुठलीच गोष्ट भिंतीआड राहत नाही. तिने मालूला सांगितलं, “एक महीना मुर्गी बनाओ. मैं मरूँगी नहीं.”

“आप क्यों बदलेंगी? आपने क्या किया?” मालू म्हणाली. त्या वर्षी चतुर्थी गुरुवारी होती. आदल्या दिवशी हरतालिका, आणि बुधवार. मालूने दिवसभर पाणीसुद्धा घेतलं नाही, आणि दुपारी अंगणात वास आला तो कांद्याचा, केशराचा आणि तव्यावर चुरचुरणाऱ्या चरबीचा. सामंतांची वाटीही आली.

“आजच्या दिवस तरी राहू द्यायचं होतंस,” सामंत खिडकीतून म्हणाले.

“बुधवार आसा,” मालू म्हणाली. “खावा. मीठ बघा.”

मीठ बरोबर होतं.

चतुर्थीला सकाळी साडेसातला बेल वाजली. कस्तुरी आणि गौरव पहाटेच हॉलवर गेले होते. सामंतांनी दार उघडलं. हिरवी साडी, एका हातात खोवलेल्या नारळाचा डबा, दुसऱ्या हातात तिचं स्वतःचं पितळी मोदकपात्र.

“काकानू, गाडी काढतास?”

“पण मालू, ठरलंय ना की...”

“तुमी नुसते सोडा. भितुर येव नकात.”

सामंतांनी किल्ली घेतली. अदलियापासून जुफैरपर्यंतचा रस्ता दहा मिनिटांचा. सुट्टी नसल्याने ऑफिसच्या गाड्यांची गर्दी होती. सिग्नलला सामंतांनी धीर करून विचारलं, “कोणी काही बोललं तर?”

“बोलू दे. उकड गरम आसतानाच मळूची लागता. भांडणाक येळ खय आसा?”

हॉलच्या दारात ती उतरली आणि डबा घेऊन सरळ आत गेली. मोदकपात्र मागच्या सीटवरच राहिलं. ती विसरली की तिने मुद्दाम ठेवलं, हे सामंतांना माहीत नाही. त्यांनी ते उचललं आणि तिच्या मागे गेले.

स्वयंपाकघरात सहा जणी सतरंजीवर बसल्या होत्या. खिडकीजवळच्या जागेवर कोणी बसलं नव्हतं, फक्त एक पर्स ठेवली होती. मालूने पर्स उचलली, “कोणाची?” विचारून जिची तिला दिली, आणि मांडी घातली. परातीतल्या उकडीवर बोट टेकवलं.

“पाणी कमी पडलंय. झाकून ठेवा, वाफ जिरू दे.”

पूर्णिमाताई धावत आल्या. “मालूताई, आपलं ठरलं होतं ना!”

“तुमचं ठरलं होतं. माझं मी तेव्हाच सांगितलं होतं.”

“असं कसं चालेल? लोकांना मी काय सांगू?”

“सांगा, बसली. उठवायचं असेल तर उठवा.” मालूने उकड लागलेला हात पुढे केला. “हाताला धरूनच उठवावं लागेल. हा घ्या. धरा.”

हात तसाच हवेत राहिला. पूर्णिमाताईंनी तो धरला नाही. दोन बायका उठून बाहेर गेल्या. कस्तुरी ओट्याशी उभी होती. ती आली आणि उठून गेलेल्यांपैकी एकीच्या जागेवर, मालूच्या शेजारी, बसली.

पूर्णिमाताईंची नजर दारात मोदकपात्र घेऊन उभ्या असलेल्या सामंतांवर गेली. “काका, तुम्ही तरी सांगा यांना.”

“मीच आणलं त्यांना,” सामंत म्हणाले.

“उभे कित्याक?” मालू खाली मान घालून म्हणाली. “ता थंय ठेवा आणि त्यात पाणी भरा. दोन बोटां कमी.”

सामंतांनी आयुष्यात पहिल्यांदा मोदकपात्रात पाणी भरलं.

तीनशे मोदक झाले. पण बातमी बाहेर पोचली होती, आणि पूर्णिमाताईंनी तोडगा काढला: नैवेद्याचे एकवीस मोदक इतर बायकांच्या घाण्यातले घ्यायचे, मालूचे नुसते पंगतीला. त्यांनी ते मालूच्या समोरच सांगितलं. मालूने ऐकलं, आणि पुढची पारी हातावर घेतली.

आरतीला सामंत पुढे उभे होते. नैवेद्याचं ताट त्यांच्यापासून हातभर अंतरावर. करायला काही नव्हतं म्हणून ते कळ्या मोजू लागले. अकरा. नऊ. अकरा. दहा. आणि मधोमध, सगळ्यांच्या खांद्यावर बसवलेला एक, त्याला एकवीस. त्यांनी दोनदा मोजल्या. मग बाजूला पाहिलं. कस्तुरी टाळ्या वाजवत समोर मूर्तीकडे बघत होती, आणि तिचे कान लाल झाले होते.

परतताना गाडीत त्यांनी मालूला ते सांगितलं. त्यांना वाटलं, ती खूश होईल.

मालू म्हणाली, “चोरून कित्याक ठेवल्यान? उघड ठेवूचो होतो. कस्तुरीक सांगा, पुढल्या वर्सा सगळ्यांसमोर ठेव.”

सामंतांनी निरोप पोचवला. कस्तुरी ‘हो’ म्हणाली.

पुढचं वर्ष आलं, पण मालू नव्हती. जानेवारीत बिल्किस खानम गेली. शेवटच्या बुधवारी तिला गिळता येत नव्हतं, तरी मालूने तवा चढवला होता, म्हातारी वास घेऊन म्हणाली, “नमक बराबर.” मुलांनी बंगला बंद केला, मालूचा व्हिसा संपला. मार्चमध्ये ती गावी गेली. सप्टेंबरात पूर्णिमाताईंनी सामंतांकडे तिचा गावचा नंबर मागितला, उकडीचं प्रमाण विचारायचं होतं म्हणाल्या. फोन केला की नाही, कोण जाणे. त्यानंतरच्या जुलैत मालूची भाची भक्ती हिचा मेसेज आला. मालूमावशी गेली, दोन दिवस ताप होता. एवढंच. सामंतांनी उत्तर लिहायला घेतलं आणि ते पुष्कळदा पुसलं.

मार्चमध्ये मालू गावी जायची होती त्या दिवशीही बुधवारच होता. बॅग अंगणात होती, टॅक्सी यायची होती. सामंतांनी सकाळीच ठरवलं होतं की आता वाटी येणार नाही, तर आपणच करून बघावं. बटाटे कापले होते, कांदा किसून पिळला होता, सगळं गॅसवर चढवलं होतं. खिडकीतून खाली मालूला वास गेला आणि ती मागच्या दाराने वर आली, चपला न काढता उंबऱ्यातच उभी राहिली.

सामंत चमच्याने रस घेऊन तोंडापाशी नेत होते.

“चाखू नकात,” ती म्हणाली.

“मग कळणार कसं?”

“हातार घेवा मीठ. माका दाखवा.”

सामंतांनी तळवा पुढे केला.

“जरा कमी करा.”

त्यांनी थोडं मीठ डब्यात परत टाकलं.

“आता घाला.” खाली टॅक्सीचा हॉर्न वाजला. “खलास. झाकण घाला. येतंय मी.”

“बरं,” सामंत म्हणाले.